अँग्रेकम : बेटांवरील एका ऑर्किड-प्रजातीचा इतिहास व त्यातील भाकिताचे स्थान

विज्ञानाच्या इतिहासात काही कथा इतक्या वेळा सांगितल्या जातात की त्यांतील घटनांचा क्रम तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटेनाशी होते. मादागास्कर बेटावरील अँग्रेकम ह्या ऑर्किड-प्रजातीची कथा ह्याच वर्गात मोडते. डार्विनने एक लांबलचक मधुनलिका असलेले फूल पाहिले, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग अस्तित्वात असला पाहिजे असे भाकीत केले, आणि पुढे तसा पतंग सापडला, असे तिचे रूढ स्वरूप आहे. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. भाकीत करणारी व्यक्ती एक नव्हती, भाकीतही एक नव्हते, आणि ते ‘खरे ठरले’ असे ज्या दिवशी म्हणता येईल असा दिवसही एक नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की मूळ भाकिताचा एक भाग अद्याप कसास लागावयाचा आहे, आणि तो कसास न लागावा अशीच कोणाही अभ्यासकाची इच्छा असेल. ह्या प्रजातीच्या दोन शतकांहून अधिक काळाच्या इतिहासात हे निरनिराळे धागे कसे गुंफले गेले, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम नावाचा विचार करू. अँग्रेकम हा शब्द ग्रीक अथवा लॅटिन मूळाचा वाटत असला, तरी तो मलायी भाषेतील ‘अंग्रेक’ ह्या शब्दाचे लॅटिन रूप आहे. मलायी भाषेत त्याचा अर्थ ऑर्किड असाच आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत अंबोन बेटावर आयुष्य घालविलेल्या रुंफिउस ह्याने आपल्या ग्रंथात वृक्षांवर वाढणाऱ्या ऑर्किडांसाठी हा शब्द योजिला. रुंफिउस १६७० मध्ये अंध झाला व १७०२ मध्ये मरण पावला. त्याचा अंबोनच्या वनस्पतींवरील ग्रंथ मात्र १७४१ ते १७५० ह्या काळात छापला गेला. त्याने ज्या वनस्पतींना हे नाव दिले होते, त्यांपैकी आज ह्या प्रजातीत एकही नाही. त्या इतर प्रजातींत विभागल्या गेल्या. नाव मात्र हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या बाजूच्या बेटांवर येऊन स्थिरावले.

हे स्थलांतर १८०४ मध्ये घडले. बोरी द सँ-व्हँसाँ हा तरुण फ्रेंच निसर्गवेत्ता बोदँ ह्याच्या सागरी मोहिमेबरोबर निघाला होता. १८०१ मध्ये ‘इल द फ्रान्स’ म्हणजे आजचे मॉरिशस येथे त्याने मोहीम सोडली व मॉरिशस आणि रियुनियन ह्या बेटांवर काही महिने भ्रमंती केली. १८०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने रियुनियनवरील हस्तिदंती-शुभ्र ओष्ठाच्या एका ऑर्किडाचे वर्णन ‘अँग्रेकम एबर्नियम’ ह्या नावाने केले. वनस्पतिनामांच्या नियमानुसार ह्या प्रजातीचा कर्ता म्हणून बोरीचेच नाव लिहिले जाते.

ह्या अग्रक्रमामागे एक विसंगती आहे. ह्या बेटांवरील ऑर्किडांचा खरा दीर्घ अभ्यास बोरीने नव्हे, तर लुई-मारी ओबेर द्यु प्ती-थुआर ह्याने केला होता. १७५८ मध्ये जन्मलेला थुआर आपल्या नौदलातील भावाबरोबर हरवलेल्या ला पेरूझच्या शोधास निघणार होता. परंतु १७९२ च्या क्रांतिकालीन धामधुमीत त्याला अटक झाली आणि भाऊ त्याच्यावाचून निघून गेला. सुटका झाल्यावर थुआर स्वतंत्रपणे हिंदी महासागरात पोहोचला व मॉरिशस, रियुनियन आणि मादागास्कर येथे सुमारे दहा वर्षे राहिला. १८०२ मध्ये तो जवळजवळ २,००० वनस्पतींचा संग्रह घेऊन फ्रान्सला परतला. त्याचा ऑर्किडांवरील सचित्र ग्रंथ मात्र १८२२ मध्ये बाहेर पडला. तोवर बोरीचे नाव प्रस्थापित होऊन अठरा वर्षे लोटली होती.

थुआरच्या ग्रंथाचे आणखी एक वैशिष्ट्य नमूद करावयास हवे. ऑर्किडांच्या नावांत शिस्त आणावी म्हणून त्याने स्वतःची एक नामपद्धती रचली होती, व तीत प्रजातीच्या नावास ऑर्किड-सूचक प्रत्यय लावण्याची योजना होती. समकालीनांनी ती स्वीकारली नाही. तिच्याबरोबर त्याने दिलेली रूढ पद्धतीची लॅटिन नावे मात्र टिकली. त्यांतच मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरील एका ताराकृती, मेणासारख्या शुभ्र फुलाचे नाव होते : अँग्रेकम सेस्क्विपेडाले, म्हणजे ‘दीड फुटी’. हा शब्द फुलामागे लोंबणाऱ्या असाधारण लांबीच्या मधुनलिकेस अनुलक्षून आहे. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फारशी नाही.

त्याच ग्रंथातील ‘अँग्रेकम फ्रॅग्रान्स’ ही सुगंधी पानांची जाती पुढे जुमेलिया ह्या वेगळ्या प्रजातीत गेली. रियुनियनचे लोक तिच्या पानांचा ‘फाहाम’ नावाचा काढा पीत आले आहेत. पुस्तकात नाव येण्यापूर्वीही ह्या वनस्पतींना बेटांवर एक जीवन होते, ह्याची ही आठवण आहे.

२

थुआरच्या वर्णनानंतर तीन दशकांहून अधिक काळ हे ‘दीड फुटी’ फूल युरोपात केवळ चित्रातून व वाळलेल्या नमुन्यांतूनच परिचित होते. जिवंत रोपे इंग्लंडमध्ये पोहोचली ती विल्यम एलिस ह्या लंडन मिशनरी सोसायटीच्या धर्मोपदेशकामार्फत. राणी रानाव्हालोना पहिली हिच्या कारकीर्दीत, १८२८ ते १८६१ ह्या काळात, मादागास्करमध्ये परकीय धर्मप्रचारास सक्त बंदी घालण्यात आली होती. एलिसने १८५३ ते १८५६ ह्या वर्षांत तेथे तीन भेटी दिल्या; राजधानीत प्रवेश करण्याची अनुज्ञा त्याला अखेरच्या भेटीतच मिळाली. धर्मकार्याची वाट अडलेली असता त्याने वनस्पती व छायाचित्रण ह्यांकडे लक्ष वळविले. १८५५ मध्ये सेस्क्विपेडालेची रोपे इंग्लंडला आली आणि १८५७ मध्ये तेथील काचगृहात ती प्रथम फुलली.

ही गोष्ट केवळ बागकामाच्या इतिहासापुरती नाही. वाळलेल्या नमुन्यात मधुनलिकेची लांबी मोजता येते. पण तिच्यात मकरंद कोठपर्यंत भरलेला असतो आणि परागपुंज कसे सुटतात, हे कळण्यास ताजे फूलच हाती असावे लागते. युरोपातील काचगृहांत हे फूल हिवाळ्यात येते. म्हणूनच जेम्स बेटमन ह्या ऑर्किड-संग्राहकाने जानेवारी १८६२ मध्ये डार्विनला पाठविलेल्या पेटीत ते ताज्या अवस्थेत होते.

३

डार्विन त्या वेळी ऑर्किडांच्या परागणावरील ग्रंथ लिहीत होता. तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. बेटमनने पाठविलेल्या फुलांत त्याला साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर लांबीच्या मधुनलिका आढळल्या. त्यांत मकरंद होता तो केवळ तळच्या दीड इंचात. इतक्या खोलवर ठेवलेल्या ह्या अल्पशा मकरंदाचा उपयोग काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

डार्विनचे उत्तर कल्पनेतून आलेले नव्हते, ते प्रयोगातून आले होते. त्याने निरनिराळ्या सुया व राठ केस नळीत घालून परागपुंज बाहेर येतात का ते पाहिले. ते आले नाहीत. मग त्याने सुमारे एक-दशांश इंच व्यासाची कांडी फुलाच्या मुखाशी असलेल्या फटीतून आत घातली. ती बाहेर काढताना परागपुंज तिला चिकटून आले. ह्यावरून त्याने असे अनुमान काढले की सोंडेचे जाड मूळ त्या फटीत शिरल्याखेरीज परागण होणार नाही, आणि मकरंदाचा शेवटचा थेंब मिळविण्यासाठी ज्याला आपली सोंड मुळापर्यंत आत खुपसावी लागते असाच कीटक ती मूळ-बाजू तेथवर आणील. म्हणजे नळी लांब असणे हेच परागणाचे साधन होते. म्हणून मादागास्करमध्ये दहा ते अकरा इंच सोंड लांबविता येणारे पतंग असले पाहिजेत, असे त्याने लिहिले.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष दिले पाहिजे. पहिली ही की डार्विनने ‘पतंग’ एवढेच म्हटले होते. कोणत्या कुलातील, हे सांगितले नव्हते. दुसरी ही की त्याने त्याच विवेचनात एक दुसरे विधानही केले होते, जे कथेच्या रूढ स्वरूपात सहसा गाळले जाते. असे मोठे पतंग मादागास्करमधून नाहीसे झाले तर अँग्रेकमही खात्रीने नाहीसे होईल. उलट अँग्रेकम गेले तर पतंगांचीही बहुधा गंभीर हानी होईल, असे ते विधान होते. पहिले भाकीत अस्तित्वाविषयी होते, दुसरे विनाशाविषयी.

ह्या परस्परावलंबनाची उपपत्तीही डार्विनने मांडली. ज्या फुलांची नळी किंचित अधिक लांब, त्यांच्याकडे येणाऱ्या पतंगास सोंड पूर्ण आत घालणे भाग पडे. म्हणून त्यांचे परागण अधिक चांगले होई. ज्या पतंगांची सोंड अधिक लांब, त्यांना मकरंद अधिक मिळे. अशा रीतीने नळी व सोंड ह्यांच्यात पिढ्यानुपिढ्या एक शर्यत चालली असली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

४

ह्या उपपत्तीस पहिला ठळक विरोध कीटकशास्त्राच्या बाजूने आला नाही, तो तत्त्वज्ञानाच्या बाजूने आला. आर्गाइलचा आठवा ड्यूक जॉर्ज कॅम्पबेल ह्याने १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द रेन ऑफ लॉ’ ह्या ग्रंथात ऑर्किडांच्या ह्याच रचनांचा आधार घेऊन असे प्रतिपादिले की इतकी गुंतागुंतीची योजना हेतूवाचून संभवत नाही; निसर्गनियम हे स्रष्ट्याच्या हेतूचेच साधन होत.

त्याच वर्षी आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्याने एका त्रैमासिकातील लेखात ह्यास उत्तर दिले. अँग्रेकमच्या इतिहासात हा लेख डार्विनच्या परिच्छेदाइतकाच महत्त्वाचा आहे. डार्विनने जे संक्षेपाने सांगितले होते ते वॉलेसने पायरीपायरीने उलगडून दाखविले, आणि त्यापुढे जाऊन पुराव्याची दिशाही दाखविली. ब्रिटिश म्यूझियममधील स्फिंक्स-पतंगांच्या सोंडा त्याने स्वतः मोजल्या. दक्षिण अमेरिकेतील एका जातीची सोंड सव्वानऊ इंच भरली. उष्ण आफ्रिकेतील ‘मॉर्गानी’ नावाच्या जातीची साडेसात इंच. ह्याहून दोन-तीन इंच लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असणे शक्य कोटीतले आहे, असे सांगून त्याने लिहिले की निसर्गवेत्त्यांनी तो नेपच्यून ग्रह शोधणाऱ्या ज्योतिर्विदांच्याच आत्मविश्वासाने शोधावा, आणि त्यांना तसेच यश येईल. लेखासोबत अशा काल्पनिक पतंगाचे अँग्रेकमच्या फुलावर येतानाचे चित्रही होते. ते टी. डब्ल्यू. वुड ह्याने काढले होते.

नेपच्यूनचा हा दृष्टांत सहज सुचलेला नव्हता. १८४६ मध्ये गणिताने सांगितलेल्या जागी हा ग्रह सापडला होता, आणि ती घटना न्यूटनीय ज्योतिषाच्या सामर्थ्याची पराकाष्ठा मानली जात होती. जीवसृष्टीच्या अभ्यासाला असे भाकीत करता येत नाही, ते केवळ घडून गेलेल्याचे वर्णन करते, हा आक्षेप नैसर्गिक निवडीच्या सिद्धान्तावर वारंवार घेतला जाई. वॉलेसने एका पतंगावर ह्या सिद्धान्ताची प्रतिष्ठा पणास लावली. अँग्रेकमच्या प्रश्नास वनस्पतिशास्त्राबाहेर जे महत्त्व आले, त्याचे कारण हेच.

मात्र काही कीटकशास्त्रज्ञांनी ह्या भाकिताची थट्टा केली होती, असे डार्विननेच आपल्या ग्रंथाच्या १८७७ च्या आवृत्तीत नमूद केले आहे. तोवर एक अप्रत्यक्ष आधार मिळाला होता. १८७३ मध्ये ब्राझीलमधील फ्रिट्झ म्यूलर ह्याने पकडलेल्या एका स्फिंक्स-पतंगाची सोंड सुमारे २५ सेंटिमीटर असल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अशी सोंड निसर्गात असू शकते, एवढे त्यावरून ठरले. ती मादागास्करमध्ये आहे, हे ठरले नाही.

५

डार्विन १८८२ मध्ये मरण पावला. १८९६ मध्ये मादागास्कर फ्रान्सच्या साम्राज्यास जोडले गेले व तेथील नैसर्गिक नमुन्यांचा युरोपातील संग्रहालयांकडे जाणारा ओघ वाढला. १९०३ मध्ये वॉल्टर रॉथशील्ड व कार्ल जॉर्डन ह्यांनी स्फिंक्स-पतंगांच्या सबंध कुलाचा परामर्श घेणारा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मादागास्करमधील लांब सोंडेच्या एका पतंगाची नवी उपजाती म्हणून नोंद झाली. झँथोपॅन मॉर्गानी ह्या जातीच्या त्या उपजातीस त्यांनी ‘प्रेडिक्टा’, म्हणजे ‘भाकीत केलेली’, असे नाव दिले. हे नाव डार्विनच्या स्मरणार्थ दिले गेले असे सर्वत्र समजले जाते. वस्तुतः ग्रंथकारांसमोर होते ते वॉलेसचे भाकीत, कारण स्फिंक्स-पतंगाचे नाव घेणारा वॉलेसच होता. योगायोग असा की हा पतंग ज्या जातीची उपजाती ठरला, तीच आफ्रिकन जाती वॉलेसने १८६७ मध्ये साडेसात इंच म्हणून मोजली होती. त्याचे उत्तर त्याच्या हाताखालच्या पेटीतच, पण समुद्राच्या दुसऱ्या तीरावरचे, होते. वॉलेस १९१३ पर्यंत जगला; भाकिताची ही पूर्तता त्याच्या हयातीतच झाली.

परंतु येथे इतिहासकाराने थांबून विचारले पाहिजे की १९०३ मध्ये नेमके काय सिद्ध झाले. पुरेशा लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर आहे, हे सिद्ध झाले. तो त्या फुलाकडे जातो हे कोणी पाहिले नव्हते. तो परागपुंज एका फुलावरून दुसऱ्यावर नेतो, हे तर मुळीच नाही. नेपच्यूनच्या दृष्टांताची मर्यादा येथे दिसून येते. ग्रह आपल्या जागी दिसला की भाकीत पुरे होते. पतंग व फूल ह्यांच्याविषयीचे भाकीत मात्र दोन वस्तूंच्या अस्तित्वाचे नसून त्यांच्यातील व्यवहाराचे होते, आणि व्यवहार टाचणीवर लावून पेटीत ठेवता येत नाही.

हा व्यवहार पाहण्यात आला तो १९९२ मध्ये, मूळ भाकितानंतर १३० वर्षांनी. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुट्झ वासरथाल ह्याने मादागास्करमध्ये केलेल्या अभ्यासात हा पतंग अँग्रेकम सेस्क्विपेडालेच्या फुलातील मकरंद घेतो व परागपुंज वाहून नेतो, हे दिसून आले. त्याचे सविस्तर विवेचन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी १९८५ मध्ये स्वीडिश संशोधक निल्सन व त्याचे सहकारी ह्यांनी ‘अँग्रेकम अरॅक्नायटिस’ ह्या दुसऱ्या जातीचे परागण एकाच लांब सोंडेच्या पतंगाकडून होते, असे दाखविले होते.

२०२१ मध्ये एका नव्या अभ्यासाने मादागास्करचा पतंग आफ्रिकेतील पतंगाहून इतका भिन्न ठरविला की त्याला उपजातीच्या पदावरून स्वतंत्र जातीच्या पदावर नेण्यात आले. त्या वेळी मोजलेल्या एका नमुन्याची सोंड २८.५ सेंटिमीटर भरली. कोणत्याही ज्ञात कीटकातील ही सर्वांत मोठी लांबी होय. १८६२ मध्ये डार्विनने मोजलेल्या नळीशी ती जवळजवळ बरोबरी करते.

६

वस्तुस्थिती अशी स्पष्ट झाली, तरी तिच्या कारणाविषयीचा वाद मिटला नाही. उलट तो नव्याने सुरू झाला. लांब नळीमुळे परागण अधिक चांगले होते, ह्या डार्विनच्या म्हणण्यास १९८८ मध्ये निल्सनच्या प्रयोगांनी पुष्टी दिली होती. युरोपातील एका ऑर्किडाच्या मधुनलिका कृत्रिम रीतीने आखूड केल्यावर परागणाचे प्रमाण घटले, असे त्याला आढळले. फुलाच्या बाजूने पाहता शर्यत खरी होती.

वासरथालने प्रश्न पतंगाच्या बाजूने विचारला. सोंड लांबण्यास खोल मकरंदच कारण आहे असे कशावरून? फुलांवर दबा धरून बसलेल्या कोळ्यांसारख्या भक्षकांपासून दूर राहून, हवेत झोके घेत मकरंद शोषणे पतंगास हितकर असते. म्हणून सोंडा आधी लांबल्या, आणि मग फुलांनी क्रमाक्रमाने अधिक लांब सोंडेचे परागवाहक स्वीकारले, असे त्याने सुचविले. ह्या मतानुसार ती परस्परांची शर्यत नव्हती. एकाने दुसऱ्याचे केलेले अनुसरण होते. हा प्रश्न निर्विवादपणे सुटला आहे असे म्हणता येत नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की भाकीत खरे ठरणे आणि ज्या कारणमीमांसेतून ते निघाले ती खरी ठरणे, ह्या भिन्न गोष्टी होत. पतंग सापडल्याने आर्गाइलचा ड्यूक निरुत्तर झाला असेल. सोंड कशी लांबली ह्याचे उत्तर मात्र त्याने मिळाले नाही.

७

फुलाच्या आकारावरून त्याचा परागवाहक ओळखण्याची ही रीत किती दूरवर नेता येईल, ह्याची कसोटी रियुनियन बेटावर लागली. मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या ह्या ज्वालामुखीजन्य बेटावर अँग्रेकमच्या पूर्वजांची बीजे वाऱ्याबरोबर पोहोचली असावीत. ऑर्किडाचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. ते समुद्र ओलांडू शकते. त्याचा पतंग त्याच्याबरोबर येईलच असे नाही. रियुनियनवर लांब सोंडेचे स्फिंक्स-पतंग थोडे आहेत. मग नव्याने आलेल्या फुलांचे परागण कोणी करावे?

क्लेअर मिशनो व तिच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ह्याचे एक उत्तर मिळाले. ‘अँग्रेकम स्ट्रायॅटम’ ह्या जातीच्या आखूड नळीच्या, गंधहीन, पांढऱ्या फुलांवर चष्मेवाला पक्ष्याच्या वर्गातील एक स्थानिक पक्षी येतो व परागपुंज चोचीवर घेऊन जातो, असे त्यांना दिसले. दुसरे उत्तर अधिक अनपेक्षित होते. ‘अँग्रेकम कॅडेटी’ ह्या जातीच्या हिरवट-पांढऱ्या फुलांवर २००८ मध्ये रात्री कॅमेरे लावण्यात आले. त्यांत रातकिड्यांशी नाते असलेला, लांब मिशांचा, बिनपंखी कीटक फुलांत डोके खुपसून परागपुंज नेताना आढळला. हा कीटक तोवर विज्ञानास अज्ञात होता. २०१० मध्ये त्यास ‘ग्लोमेरेमस ऑर्किडोफिलस’, म्हणजे ‘ऑर्किडप्रिय’, असे नाव देण्यात आले. नाकतोडे व रातकिडे ह्यांच्या गणातील कीटक एखाद्या फुलाचे नियमित परागण करतो, ह्याचे हे पहिले स्पष्ट उदाहरण होय. हा गण फुले खाणारा म्हणूनच आजवर प्रसिद्ध होता.

सेस्क्विपेडालेच्या फुलावरून पतंगाचे अनुमान करता आले, पण कॅडेटीच्या फुलावरून रातकिड्याचे अनुमान कोणी केले नव्हते; तेथे रात्रभर पाहतच राहावे लागले. एकाच प्रजातीच्या दोन जातींनी अनुमानाचे सामर्थ्य व त्याची सीमा, दोन्ही दाखवून दिल्या.

८

अँग्रेकमविषयी काहीही सांगता येणे हे शेवटी दोन प्रकारच्या संग्रहांवर अवलंबून राहिले आहे : शुष्क नमुन्यांचे संग्रह व जिवंत अरण्ये. दोहोंच्याही इतिहासात हानीची प्रकरणे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी हान्री पेरिए द ला बाथी ह्याने मादागास्करमध्ये केलेल्या संग्रहाच्या आधारे बर्लिनच्या रुडॉल्फ श्लेष्टर ह्याने अनेक नव्या ऑर्किडांचे वर्णन केले. त्याचा मादागास्करवरील ग्रंथ १९२५ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. मार्च १९४३ मध्ये बर्लिन-डालेमच्या वनस्पतिसंग्रहालयावर बाँब पडले आणि श्लेष्टरचा ऑर्किडसंग्रह जळाला. मादागास्करच्या वनस्पतींच्या बाबतीत हानी काहीशी सुसह्य झाली ती पेरिएचे नमुने पॅरिसमध्ये सुरक्षित होते म्हणून. १९७३ मध्ये लेस्ली गॅरेने ह्या प्रजातीची १९ विभागांत मांडणी केली. आता जनुकीय अभ्यासाने असे दिसू लागले आहे की अँग्रेकम म्हणून एकत्र ठेवलेल्या जाती एकाच वंशशाखेच्या नाहीत. तेव्हा सुमारे २०० जातींच्या ह्या प्रजातीची सीमारेषा अजूनही सरकत आहे.

जिवंत संग्रहाची स्थिती अधिक चिंताजनक आहे. मॉरिशसची सखल अरण्ये प्रामुख्याने उसाच्या मळ्यांसाठी तोडली गेली. १८३४ नंतर ह्या मळ्यांवर गिरमिटाखाली गेलेल्या भारतीय मजुरांत मराठी भाषकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपली भाषा सांभाळून आहेत. म्हणजे बोरी व थुआर ह्यांनी जेथे ऑर्किडे गोळा केली त्या भूमीच्या रूपांतरात, आपल्या इच्छेने नव्हे तरी, कोकणातील व घाटावरील माणसांचेही श्रम खर्ची पडले. मादागास्करमध्ये १९५३ ते २०१४ ह्या एकसष्ट वर्षांत नैसर्गिक वनाच्छादनाचा ४४ टक्के भाग नष्ट झाला, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. पूर्वेकडील वर्षावने २००७ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झाली. अवैध वृक्षतोडीमुळे २०१० मध्ये ती संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेली, आणि २०२५ मध्ये त्या यादीतून बाहेर आली. सेस्क्विपेडालेचे वसतिस्थान पूर्व किनाऱ्याजवळच्या सखल अरण्यात आहे, आणि माणसाचा पहिला घाव पडतो तो अशाच अरण्यावर.

अशा परिस्थितीत डार्विनच्या विस्मृत झालेल्या दुसऱ्या विधानाकडे परत यावे लागते. काचगृहात हे ऑर्किड माणसाच्या हाताने परागित करून कितीही काळ राखता येईल. १८५७ पासून ते राखले गेलेही आहे. परंतु पतंगाशिवाय राहिलेले अँग्रेकम हे ज्या संबंधामुळे ते विज्ञानाच्या इतिहासात आले, त्या संबंधावाचून उरलेले अँग्रेकम असेल. १८६२ चे पहिले भाकीत पडताळून पाहण्यास १३० वर्षे लागली, आणि तेवढा काळ पतंग, फूल व अरण्य ही तिन्ही शिल्लक राहिली म्हणूनच ते पडताळता आले. दुसरे भाकीत पडताळले जाणे वा न जाणे हे आता निसर्गवेत्त्याच्या निरीक्षणावर अवलंबून नाही. किनाऱ्यावरील त्या अरण्याचे पुढील काही दशकांत काय होते, त्यावर ते ठरणार आहे.